डावीकडे दीड सूत

रत्नागिरीत मला भाड्याची खोली मिळाली ती माझ्या चांगल्या स्वभावामुळे नाही, सरकारी नोकरीमुळेही नाही. ती मिळाली माझ्या वजनामुळे. हे सांगितलं की माणसं हसतात. हसा बापडे. तुम्हाला कुणी चपला काढून आंब्याच्या पेट्या जोखायच्या काट्यावर उभं केलं असतं म्हणजे कळलं असतं.

मी मोजणी खात्यातला. मिरजेकडून बदली होऊन आलो होतो. लॉजचं जेवण खाऊन पोट बिघडलं तेव्हा कचेरीतल्या शिपायाने या घराचा पत्ता दिला. दारात एक उघडाबंब म्हातारा. कमरेला खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पडवीतल्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "चढ."

मी चढलो. सरकारी नोकराला आज्ञा पाळायची सवय असते.

"सदुसष्ट. खिशात काय आहे?"

मोबाईल, किल्ल्या, पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. ते खाली वाकले, डोळे बारीक केले आणि एकदम खूश झाले. "सहासष्ट! खोली तुझी. जेवण आमच्याकडे. पण एक सांगून ठेवतो, वाढायचं नाय आणि उतरायचं नाय."

म्हाताऱ्याचा एखादा नट ढिला असणार असं मला वाटलं. राहायला गेल्यावर कळलं, नट सगळे घट्ट होते, फक्त भलत्याच मापाच्या पान्याने आवळलेले होते.

काका तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून परत आलेले. जगात त्यांना दोनच गोष्टी पटत, माप आणि तेल. "मोजल्याशिवाय बोलू नये" हे त्यांचं ब्रीद. काकूंनी आमटीत मीठ जास्त झालं का विचारलं तर म्हणायचे, "किती घातलंस ते सांग, मग सांगतो." देवाबद्दलही हेच. देव मोजता येत नाही, तेव्हा आपण त्याच्या वाटेला जायचं नाही आणि त्याने आपल्या वाटेला येऊ नये. गणपतीत आरतीला टाळ वाजवत, पण वाजवताना नजर समईची ज्योत तिरकी का जळते याच्यावर.

आणि त्यांची ती गाडी. विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. रंग एके काळी हिरवा असावा. मुंबईच्या कुणा डॉक्टरकडून त्यांनी ती जहाजावर असताना घेतली होती. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं नसतं, पायजम्यासारखी ती चढवायची असते. रस्त्यावरून गेली की एस.टी.तली माणसं खिडकीतून वाकून खाली बघत. तिला एकच खोड होती. ती डावीकडे दीड इंच कललेली होती. काका जहाजी भाषेत डावीकडला 'पोर्ट' म्हणायचे आणि उजवीकडला 'स्टारबोर्ड'. गाडी पोर्टला झुकली आहे असं ते म्हणत, आणि शेजारचे नाना म्हणत, "काका, गाडी कोणाला नमस्कार घालते हो?"

वर्षानुवर्षं काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं होतं. रस्ते कडेला उतरते असतात, गाडी कायम डाव्या कडेने चालते, म्हणून डाव्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसले, हे त्यांचं एक मत. समुद्राचा खारा वारा डावीकडून लागला, हे दुसरं. ही मतं ते आलटून पालटून मांडत आणि गाडी तिरकीच चालवत. मग ती सरळ करायचं खूळ एकाएकी का शिरलं, त्याचं कारण काकू.

काकू पूर्णगडच्या. मी त्यांना प्रथम पाहिलं ते आजारपणानंतर, पण भिंतीवरच्या फोटोत बघितलं होतं. गोल चेहरा, भरलेले हात, फोटो काढणाऱ्यालाच हसणाऱ्या. त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. निभावलं, पण जेवण गेलं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायच्या. दर महिन्याला दोघं या गाडीतून पूर्णगडला काकूंच्या आईकडे जात. म्हातारी नव्वदीची, खाडीकडे तोंड करून ओटीवर वाट बघत बसलेली. ऑपरेशननंतर ते जाणं बंद झालं. काकूंनी फाटकाबाहेर पाऊल टाकणंच सोडलं.

काकांनी एकदा त्यांना कशीबशी गाडीत बसवलं. वळणापर्यंत गेले आणि काकू म्हणाल्या, "थांबवा. टाके ओढतायत." गाडी डावीकडे कललेली, त्यामुळे सगळा भार त्या बाजूला यायचा. त्या उतरल्या आणि भिंतीला धरून चालत घरी आल्या. पायरीवर टेकून म्हणाल्या, "ती सरळ होईल तेव्हा बसेन."

माझं मत विचाराल तर काकूंनी ते टाळायला म्हटलं होतं. आपण नाही का म्हणत, बघू नंतर. पण काकांना 'बघू नंतर' कळत नसे. त्यांच्यासाठी तो हुकूम होता. गाडी सरळ झाली की ही बसणार, बसली की पूर्णगडला जाणार, आईच्या हातचं जेवणार. त्या दिवसापासून त्यांनी हत्यारं काढली.

आता माझा उपयोग कळला ना? गाडी किती कलली हे मोजायचं तर चालवणाऱ्याचं वजन आत हवं. काकांचं वजन सहासष्ट. "मीच बसलो तर मोजणार कोण? आणि मीच मोजलं तर बसणार कोण?" असा त्यांचा बिनतोड सवाल. म्हणून त्यांना आपल्याच वजनाचा भाडेकरू हवा होता. माझ्या आधीचा एक प्राध्यापक लग्न झाल्यावर सहा किलोंनी वाढला, त्याला त्यांनी मुदत देऊन खोली सोडायला लावली.

दर रविवारी सकाळी मी त्या गाडीत पाय ताणून, स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचो. बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. काका पालथे पडून चाकाच्या वरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत पट्टी लावत. एकदा मला जांभई आली.

"हललास!"

"काका, जांभई आली फक्त."

"जांभईने अर्धं सूत गेलं, शिंच्या! पुन्हा पहिल्यापासून."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काका सगळा संसार सुतात मोजायचे. मला त्या सुतावरून स्वर्गच काय, नरकसुद्धा दिसला.

पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी पाट्यांखाली पत्रे सरकवून, हे काढ ते घाल करून गाडी अगदी काट्यावर आणली. चारी बाजूंना एक माप. काका आनंदाने गाडी रस्त्यावर घेऊन गेले आणि पाच मिनिटांत तोंड पाडून परत आले. गाडी आता उजवीकडे झुकली होती. त्यांनी देव सोडून सगळ्यांना शिव्या दिल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, हे अंगण सपाट आहे कशावरून?"

"माझ्या बापाने केलंय हे अंगण!"

"वडलांनी पाण्याची नळी लावली होती का?"

काका पट्टी खाली ठेवून अंगणाकडे बघायला लागले. मी गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं आणि दाखवलं. अंगण विहिरीकडे साडेतीन इंच उतरतं होतं, पावसाचं पाणी जायला. म्हाताऱ्याच्या बापाने बरोबरच केलं होतं. मोजल्याशिवाय बोलू नये असं जन्मभर सांगणारा माणूस बापाचं अंगण मोजायला विसरला होता. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "बापाला बोललास. पण बरोबर बोललास." आणि जांभ्याचे चिरे आणून गाडीपुरता एक सपाट ओटा बांधायला घेतला.

ओटा झाला आणि नवीनच पेच उभा राहिला. एकट्या चालवणाऱ्यासाठी सरळ केलेली गाडी, शेजारी काकू बसल्या की पुन्हा डावीकडे झुकणार. म्हणजे काकूंचं वजन धरून पाटे बांधायला हवेत. आणि काकूंचं वजन किती?

घरात काटा होता, पण काकू त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. डॉक्टर फोनवर दर महिन्याला वजन विचारायचे. काकू म्हणायच्या, "सांगा त्यांना, चांगली आहे." एकदा काकांनी फारच आग्रह केला तर काकू माजघराचं दार लावून बसल्या. आतून म्हणाल्या, "मला नाय तो आकडा ऐकायचा. रोज अंघोळीला दिसतेच आहे मी मला." त्यानंतर काटा पडवीतून मागच्या खोपीत गेला.

आठवडाभर काका विचारात होते. मग एका सकाळी चहा पिताना त्यांनी बाँब टाकला.

"अगो, तुझं ऑपरेशन चाललं होतं ना, तेव्हा मी देवीला नवस बोललो होतो. तू घरी आलीस तर तुझ्या भारंभार गूळ देईन म्हणून."

काकूंच्या हातातली बशी कलली. मी तर कप खालीच ठेवला.

"तुम्ही? नवस?"

"माणूस घाबरतो तेव्हा बोलून जातो," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

काकूंचे डोळे भरून आले. ज्या माणसाने चाळीस वर्षांत देवळात चपला काढताना कुरकुर केली, त्याने आपल्यासाठी नवस बोलावा! त्यांनी ते कुंपणावरून नानांच्या बायकोला सांगितलं, तिने आळीला सांगितलं. मी काकांना मागीलदारी गाठलं. "काका, खरं सांगा."

"सुताला सहा किलो," ते म्हणाले. "तांदळाच्या पिशव्या ठेवून बघितलंय मी. शेजारच्या सीटवर सहा किलो वाढले की गाडी सूतभर बसते. बाकी सगळं ठाऊक आहे रे, फक्त हिचा आकडा तेवढा नाय."

"म्हणजे नवस खोटा?"

"मेल्या, हळू बोल."

मला खरंच राग आला. देवाधर्माचा मी काही मोठा नाही, पण बायकोला फसवायला देवीला मधे घालायचं म्हणजे काय! तरी मी गप्प बसलो, कारण खोली चांगली होती आणि काकूंच्या हातचं कुळथाचं पिठलं त्याहून चांगलं होतं. शिवाय मी देशावरचा म्हणून साठ किलो गूळ आणायचं काम माझ्यावरच आलं. दहा-दहाच्या ढेपा आणि वर एक-एक किलोच्या भेल्या.

देवीच्या देवळात सभामंडपाच्या तुळईला एका भातवाल्याचा जुना लाकडी तराजू टांगला. काकांनी आधी रिकाम्या पारड्यांना पाण्याची नळी लावली. गुरव वैतागला. "काका, देवीच्या पुढ्यात मापात पाप नाय होत."

"पाप होत नाय ते देवीकडून. दोरी तुझी आहे," काका म्हणाले आणि एका पारड्याची गाठ दोनदा सोडून बांधली.

काकू नऊवारी नेसून आल्या होत्या. कितीतरी दिवसांनी फाटकाबाहेर. देवीकडे तोंड करून, हात जोडून पारड्यात बसल्या. काकांनी बजावलं होतं, मागे बघायचं नाही, नवस बाटतो. मी दुसऱ्या पारड्याशी मोजणीला. चार ढेपा ठेवल्या. मी पाचवीला हात घातला आणि पारडं आधीच हललं. मग ढेप खाली ठेवून भेल्या घातल्या. एक, दोन, तीन. दांडी आडवी झाली.

त्रेचाळीस.

गुरवाने घंटा वाजवली. मी काकांकडे बघितलं. आकडा कागदावर लिहायचा सोडून ते जमिनीवर उरलेल्या गुळाकडे बघत उभे होते. सतरा किलो उरला होता. फोटोतल्या काकूंसाठी साठ किलोसुद्धा पुरला नसता. गुरवाने हात जोडायला सांगितलं तेव्हा त्यांनी जोडले आणि मग पुष्कळ वेळ सोडलेच नाहीत. मला वाटलं, मनात पाट्यांचा हिशेब चालला असेल.

पारड्यातला गूळ देवीचा झाला. उरलेला घरी आला आणि काकांनी नवा नियम काढला. देवीच्या नावाने आणलेला गूळ विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, घरच्यांनीच संपवायचा आणि जिच्या नावाने आणला तिने पहिला घास घ्यायचा. हा नियम कुठल्या पोथीत आहे असं मी विचारलं तर म्हणाले, "जहाजावरच्या."

मग त्या घरात जे सुरू झालं! गुळाची खांडवी, पातोळे, घावन-घाटलं, नारळाच्या रसातल्या शेवया. काका स्वतः नारळ खवायला बसत. काकू पहिला घास नवसाचा म्हणून घेत, दुसरा काका रुसतील म्हणून, आणि तिसरा कधी घेऊ लागल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र लक्षात आलं, कारण मी त्यांच्याबरोबरीने खात होतो. एक तारखेला काकांनी मला खोपीत नेऊन काट्यावर चढवलं.

"एकोणसत्तर! तू कशाला वाढतोस, मेल्या? तुझा आकडा गाडीला धरलाय!"

त्या दिवसापासून माझ्या पानात खांडवीची एकच वडी. काकूंना पाच, मला एक. असा अन्याय मी कचेरीतसुद्धा पाहिलेला नाही.

मी पुन्हा सहासष्टवर आल्यावर पाटे ठोकायला काका लोट्याला गेले. तिथे कंपन्यांच्या बसगाड्यांचे पाटे करणारा एक म्हातारा लोहार होता, त्याच्याशिवाय ते कुणाला हात लावू देत नसत. गाडीत काका आणि शेजारी काकूंच्या जागी त्रेचाळीस किलो तांदूळ, पट्ट्याने बांधून. तिथे माप घेताना काकांच्या जागी मी लागणारच होतो, पण गाडी दोघांची. तेव्हा तांदूळ गाडीत बसून वारा खात गेले आणि मी एस.टी.ने उभा राहून गेलो. त्याने पाटे लाल करून ठोकले, नवी कमान दिली. मी बसलो, तांदूळ बसले, काका पालथे पडले. डावं, उजवं, एक माप. सूतभर फरक नाही. पाटेवाला म्हणाला, "काका, भरलेल्या तांब्यातलं पाणी नाय हिंदकळणार." काकांनी त्याला मिठी मारली आणि बनियन काळं करून घेतलं.

काकू गाडीत बसायच्या तो दिवस उजाडेपर्यंत आणखी काही आठवडे गेले. काकांची हिंमतच होईना. शेवटी पूर्णगडहून आईचा निरोप आला, डोळे मिटायच्या आत तोंड दाखव. एका रविवारी गाडी चिऱ्यांच्या ओट्यावर उभी केली. मी चालवणाऱ्याच्या जागी, पोट आत घेऊन, कारण सहासष्टवर मी कसाबसा टिकून होतो. काकू आल्या, पदर खोचून हळूच बसल्या.

"टाके?" काकांनी विचारलं.

"नाय ओढत."

काकांनी मोठा श्वास सोडला. इथेच थांबले असते तर! पण नाही. पट्टी घेऊन ते पालथे पडले. उजवीकडे मोजलं, डावीकडे मोजलं, पुन्हा उजवीकडे गेले. मग डाव्या चाकामागून त्यांचा आवाज आला, स्वतःशीच चिडलेला.

"दीड सूत खाली? कशी? त्रेचाळीस पूर्ण धरलेत शिंचे!"

मी डोळे मिटून घेतले.

काकू सीटवरून वाकल्या. "त्रेचाळीस काय?"

खालून पट्टी चिऱ्यावर घासल्याचा आवाज आला.

"अहो, त्रेचाळीस काय?"

काका चाकाखालून सरकून बाहेर आले. केसांना माती, हातात पट्टी. खोटं बोलायला वेळ हवा असतो आणि तो त्यांच्याकडे नव्हता. "किलो," ते म्हणाले.

काकूंना सगळं कळायला फार वेळ लागला नाही. तुळई, तराजू, मागे बघायचं नाही. त्यांचा चेहरा उतरला. जो आकडा ऐकायचा नाही म्हणून त्या दार लावून बसल्या होत्या, तो नवऱ्याने अंगणात ओरडून सांगितला होता. "म्हणजे एवढीशीच उरले होते मी," त्या म्हणाल्या. आणि मग, "आणि तो नवस? गाडीसाठी?" दाराच्या कडीला हात घालून त्या उतरायला लागल्या. आता या उतरल्या की फाटकाबाहेर पुन्हा कधी यायच्या नाहीत, हे मला कळलं.

"उतरू नको!" काका ओरडले. "हलू नको, अगो, मोजतोय!"

ते पुन्हा पालथे पडले. मी मनात म्हटलं, या माणसाला आता बायको घराबाहेर काढणार आणि वर मी मदत करणार. चाकाखालून पुटपुटणं ऐकू आलं. "सुताला सहा. दीड सूत. सहा आणि तीन." मग डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटल्याचा मोठा आवाज.

"नऊ!" काका उठून उभे राहिले. कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं. "नऊ किलो वाढलीस तू! बावन्न झालीस!" कुंपणाकडे वळून ओरडले, "नाना! अहो नाना! बावन्न झाली ही!"

"अहो, गावभर काय सांगताय!" काकू लाजून लाल झाल्या. पण उतरल्या नाहीत.

काका चिऱ्यांवरच बसले आणि रडायला लागले. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, हातात पट्टी घेऊन, हुंदके देऊन. "देवळात तो गूळ उरला ना, तेव्हा आकडा लिहायचाच राहिला गो," ते म्हणाले. "नवस बोललो नव्हतो मी. आकड्यासाठी गेलो होतो. पण तो सतरा किलो बघितला आणि मग तिथे उभ्या उभ्या बोललो. खरा बोललो. एवढी भरून दे म्हटलं."

मला वाटलं होतं पाट्यांचा हिशेब. मोजणी खात्यात असून माझी मोजणी इतकी चुकावी याची मला लाज वाटली, आणि ती मी तिथेच बोलून दाखवली. कुणी लक्ष दिलं नाही.

काकू सीटवरून पुढे वाकल्या. मग पदराने डोळे पुसले, पदराचं ते टोक काकांच्या कपाळावरच्या मातीकडे नेलं आणि म्हणाल्या, "माझं वजन मला एकदा हात धरून विचारलं असतंत तर साठ किलो गूळ कशाला लागला असता? उठा आता. आई वाट बघत असेल."

मला गाडीतून उतरवलं गेलं. काका बसले. गाडी पूर्णगडकडे जाणाऱ्या पावसच्या रस्त्याने खाली गेली, दोघांची डोकी तेवढी वर दिसत होती.

आठ दिवसांनी लोट्याच्या पाटेवाल्याचा फोन आला. काका बाहेर होते, मी घेतला. गाडी कशी बसली, असं विचारत होता. मी म्हटलं, डावीकडे दीड सूत खाली आहे. तो हळहळला. घेऊन या म्हणाला, एक पातळ पान घालतो, तासाभराचं काम, उद्याच या.

काका आल्यावर मी निरोप सांगितला. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघरातून खांडवीचा वास येत होता तिकडे बघितलं आणि म्हणाले, "त्याला सांग, घाई नाय. अजून खाली जाऊ दे."